दोन शाया, सात प्लेटा

लग्नसराईच्या दिवसांत डीटीपीच्या दुकानातून छापखान्याकडे रवाना झालेल्या एखाद्या पत्रिकेच्या बाबतीत पुढील प्रकार वरचेवर घडतो. पत्रिका दोनच शायांत छापावयाची असे ठरलेले असते. मजकूर लाल शाईत, वेलबुट्टी सोनेरी शाईत आणि माथ्यावरचा गणपती त्याच लाल शाईच्या गडद-फिक्या छटांत. पडद्यावर सर्व यथास्थित दिसते, रंगीत प्रिंटरवर काढलेल्या नमुन्यावर यजमानांनी पसंतीची सहीही केलेली असते, आणि तरीही प्लेटा काढावयास बसलेला कारागीर निरोप धाडतो, की दोन रंगांच्या कामाच्या सात प्लेटा निघत आहेत, त्यांतल्या कोणत्या काढावयाच्या ते कळवावे. या सातांचा तपशील पाहू गेल्यास सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या नेहमीच्या शायांच्या चार, सोनेरीची एक आणि लालच्या एक सोडून दोन, असा हिशेब निघतो. शिवाय नवल असे, की त्या दोन्ही लाल प्लेटांवर गणपतीचा मागमूसही नसतो. तो पहिल्या चार प्लेटांत विभागून बसलेला असतो.

ऑपरेटर शपथेवर सांगतो, की आपण तिसरा रंग वापरलाच नाही, आणि त्याचे सांगणे खोटे नसते. तो पडद्यावरचे रंग मोजत असतो आणि यंत्र शाया मोजत असते, एवढाच काय तो तंटा. परंतु हा भेद नीट उमगल्याखेरीज स्पॉट कलरच्या कामात चित्रांनी घातलेला घोळ सुटत नाही, म्हणून प्रथम प्लेट म्हणजे काय येथूनच आरंभ करणे इष्ट.

प्लेटला रंग नसतो

दिवाळीत अंगणात रांगोळी घालण्यासाठी बाजारात भोके पाडलेले छापे मिळतात. छापा भुईवर ठेवून त्यावर ज्या रंगाची पूड पसरावी त्या रंगाची नक्षी खाली उमटते. छाप्याला स्वतःला रंगाची काहीच वार्ता नसते. नक्षी दोन रंगांत हवी असेल तर दोन छापे लागतात, आणि दुसरा छापा पहिल्याच्या खुणेवर तंतोतंत बसवावा लागतो. ऑफसेट छपाईची प्लेट याच जातीची होय. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या पातळ पत्र्याचा काही भाग शाई धरतो, उरलेला भाग पाणी धरून शाईला दूर ठेवतो. पत्रा कोणत्या शाईच्या युनिटवर चढवावयाचा, हे प्लेटच्या कडेला उमटलेल्या शाईच्या नावावरून मशीनवाल्याला कळते. ते नाव पुसले तर लालची प्लेट आणि सोनेरीची प्लेट यांत रंगाच्या दृष्टीने काडीचाही फरक उरत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, ती ही की प्लेटला अर्धीमुर्धी शाई देता येत नाही. जेथे शाई लागावयाची तेथे ती पुरती लागते, नाहीतर मुळीच लागत नाही. फिकी छटा हवी असेल तर लहान ठिपके आणि गडद हवी असेल तर मोठे ठिपके, अशी युक्ती योजून डोळ्याला चकवावे लागते. या ठिपक्यांच्या जाळीला छापखान्यात स्क्रीन म्हणतात, आणि वर्तमानपत्री कागदावर इंचाला साधारण ८५ ते १०० ओळींची, तर गुळगुळीत आर्ट पेपरावर १५० ते १७५ ओळींची स्क्रीन वापरण्याचा शिरस्ता आहे.

आता रंगीत छपाईच्या दोन पद्धती सहज समजतील. फोरकलर पद्धतीत चारच ठरावीक शायांचे ठिपके एकमेकांशेजारी व एकमेकांवर पाडून बाकीचे सारे रंग भासवले जातात. तेथला लाल म्हणजे मॅजेंटा आणि यलो यांचा संयुक्त भास. स्पॉट कलर पद्धतीत मात्र हवा तो लाल डब्यातच घोटून तयार केलेला असतो आणि त्याची एकच प्लेट असते. दोन शायांच्या कामास चारांऐवजी दोन प्लेटा पुरतात, बारीक अक्षरे एकाच शाईत असल्याने त्यांच्या कडा दुहेरी दिसत नाहीत, पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत लाल तोच राहतो, आणि सोनेरीसारखी धातूची चमक तर चार शायांच्या कोणत्याही मिश्रणातून निघत नाही. या कारणांमुळे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे आणि औषधांची खोकी यांवरून स्पॉट कलर हटलेला नाही.

ही पद्धत फोरकलरहून वडील आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या छापखान्यात देवादिकांची जी चित्रे छापली जात, ती शिळाछपाईची होती; एकेका रंगछटेसाठी एकेक शिळा आणि प्रत्येक शिळेला तिची स्वतंत्र शाई. चित्रातील कोणता अंश कोणत्या शिळेवर जावयाचा, याचा निवाडा शिळेवर ठिपके भरणाऱ्या कारागिराची नजर करी. आज हाच निवाडा संगणकाकडे सोपविलेला आहे, आणि संगणकाला नजर नाही.

नावांचा व्यवहार

अमेरिकेतील लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ साली पँटोन नावाची पद्धत बाजारात आणली, तेव्हापासून घोटलेल्या शायांना क्रमांक मिळाले. १८५ म्हणजे एक विवक्षित लाल, ८७१ म्हणजे एक विवक्षित सोनेरी. क्रमांक सांगावा, छापील नमुन्याशी ताडून पाहावे आणि शाईवाल्याने त्या प्रमाणात शाई घोटावी, असा हा बंदोबस्त. पुढे १९८५ साली अ‍ॅल्डसचा पेजमेकर, अ‍ॅपलचा लेझररायटर आणि अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा यांचा संयोग होऊन टेबलावरच्या संगणकावर पाने लावण्याचा धंदा सुरू झाला, आणि चित्रकाराने प्रत्येक शाईसाठी वेगळी पारदर्शक फिल्म कापून मूळ चित्रावर चिकटविण्याचे काम हळूहळू लोपले.

संगणकाला सेपरेशनचा हुकूम दिला, म्हणजे तो पानावर किती शाया नोंदल्या आहेत ते पाहतो आणि प्रत्येक शाईपुरते पान वेगळे काढतो. लाल शाईची पाळी आली, की त्या नावाखाली नोंदलेल्या वस्तू तेवढ्या ठेवावयाच्या, बाकीच्या वगळावयाच्या. मग सोनेरीची पाळी. या साऱ्या व्यवहारात रंग कसा दिसतो याचा विचार कोठेही होत नाही, विचार होतो तो फक्त नावाचा. गुळगुळीत कागदावरचा नमुना दर्शविण्यासाठी क्रमांकापुढे ‘सी’ लावतात आणि खरखरीत कागदासाठी ‘यू’. डब्यातली शाई दोन्हीकडे तीच, परंतु पानात एके ठिकाणी ‘पँटोन १८५ सी’ आणि दुसरीकडे ‘पँटोन १८५ यू’ अशी नावे पडली, की संगणकाच्या लेखी त्या दोन भिन्न शाया ठरतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये याच शाईला ‘पँटोन १८५ सीव्हीसी’ म्हणण्याची चाल होती. वर्षानुवर्षे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत आलेली वेलबुट्टी आणि मंगलकलश बहुधा हेच जुने नाव गळ्यात बांधून येतात. आपल्या पत्रिकेतील लालची दुसरी प्लेट नेमकी येथून आली.

उपाय सोपा आहे. रंगांच्या यादीत एकाच शाईची दोन नावे आढळली, तर एक काढून टाकावे आणि काढताना त्याच्या जागी दुसरे नेमावे. पाने लावण्याच्या इनडिझाइन या प्रोग्रामात इंक मॅनेजरच्या खिडकीत एका शाईला दुसरीचे टोपणनाव म्हणून बांधून देण्याचीही सोय आहे. चित्राच्या फाइलीत दडलेले नाव पानाच्या यादीतून काढता येत नाही, तेव्हा ही दुसरी वाटच उपयोगी पडते.

याच्या उलट कसूरही होते. नाव बिनचूक ‘पँटोन १८५ सी’ असते, परंतु यादीत त्या रंगाचा प्रकार ‘स्पॉट’ऐवजी ‘प्रोसेस’ असा नोंदलेला असतो, आणि मग तो रंग निमूटपणे चार शायांत फुटतो. इंक मॅनेजरमध्ये सर्व स्पॉट रंग प्रोसेसमध्ये फिरविण्याची एक खूण असते. मागच्या फोरकलर कामाच्या वेळी केलेली ती खूण तशीच राहिली, तर सोनेरीसुद्धा पिवळट तपकिरी ठिपक्यांत विरघळून जाते. आणि ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा जो रंग यादीत असतो, तो पडद्यावर काळा दिसत असला तरी प्रत्येक प्लेटवर उमटण्यासाठीच जन्मलेला आहे; त्याचा उपयोग जुळणीच्या खुणांपुरता करावा, मजकुराला तो कदापि लावू नये.

चित्राच्या पोटात नाव नसते

अक्षर किंवा रेखाकृती असेल तर तिला रंगाचे नाव चिकटविता येते, कारण ती संगणकाच्या दृष्टीने एक अखंड वस्तू असते. छायाचित्राची गोष्ट निराळी. ते लक्षावधी सूक्ष्म चौकोनांचे बनलेले असते आणि प्रत्येक चौकोनाच्या पोटात नुसते आकडे असतात. कॅमेऱ्यातून किंवा इंटरनेटवरून आलेल्या चित्रात हे आकडे लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे असतात. गणपतीचे वस्त्र पँटोन १८५ शी डोळ्यांना हुबेहूब जुळत असले, तरी त्या आकड्यांत ‘पँटोन १८५’ असे कोठेही लिहिलेले नसते, आणि नाव नसल्यामुळे त्याला लाल शाईच्या प्लेटवर प्रवेश मिळत नाही. असे चित्र चार शायांत फुटते. काही जुन्या प्रोग्रामांत तर ते चारांतही न फुटता सबंधच्या सबंध काळ्या प्लेटवर जाऊन पडत असे. आपल्या सात प्लेटांपैकी चार प्लेटांचे मूळ एवढेच.

मग चित्राला स्पॉट शाई द्यावयाची कशी? पहिला आणि सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे चित्राचा रंग काढून घेऊन ते निव्वळ करड्या छटांचे, म्हणजे ग्रेस्केल करावे, टिफ स्वरूपात साठवावे आणि पानावर आणल्यानंतर यादीतली लाल शाई त्याला लावावी. चित्राने फक्त गडद-फिके सांगावे, शाई कोणती ते पानाने सांगावे, अशी ही कामाची वाटणी असल्याने नावांचा घोळ होण्यास जागाच उरत नाही. तरीही एक फसगत येथे नेहमी होते. इनडिझाइनमध्ये चित्र आणि त्याची चौकट या दोन निराळ्या वस्तू असतात. काळ्या बाणाने निवड केली तर शाई चौकटीला लागते, आणि लाल चौकोनात काळा गणपती उभा राहतो. पांढऱ्या बाणाने आतले चित्रच निवडावे लागते. चित्र मुळात छटांचे नसून नुसत्या रेघांचे असेल, तर ते बिटमॅप स्वरूपात, म्हणजे काळे किंवा पांढरे एवढेच जाणणाऱ्या चौकोनांत ठेवून हाच प्रयोग करता येतो.

दुसरा मार्ग फोटोशॉपमधील स्पॉट चॅनलचा. रंगीत चित्राच्या नेहमीच्या चॅनलांबरोबर एक जादा चॅनल उघडून त्याला शाईचे नाव द्यावयाचे. त्या चॅनलवर जेथे काळे तेथे भरपूर शाई, जेथे पांढरे तेथे शाई नाही. घाईत हा अर्थ उलटा धरला जातो आणि मुकुट सोडून बाकी सगळे पान सोनेरी होते. परंतु यापेक्षा फसवा भाग पुढचाच आहे. स्पॉट चॅनलची शाई खालच्या चित्रावर चढते, खालचे चित्र आपोआप कापले जात नाही. मुकुटाच्या जागी नुसते सोने हवे असेल, तर मुकुटाचा भाग मूळ चॅनलांतून आपल्या हाताने पुसावा लागतो. चॅनलच्या मांडणीत ‘सॉलिडिटी’ नावाचा जो टक्का असतो तो शंभर केला, म्हणजे पडद्यावर सोन्याखालचे चित्र दिसेनासे होते आणि पाहणारा निर्धास्त होतो. वस्तुतः तो टक्का पडद्यावरच्या देखाव्यापुरता असून प्लेटशी त्याचा काडीचा संबंध नाही. माझ्या मते या एका टक्क्याने जितकी माणसे गाफील ठेवली आहेत, तितकी त्या प्रोग्रामातील दुसऱ्या कशानेही नसतील.

इतके करून चित्र जेपेग स्वरूपात साठविले तर सर्व श्रम व्यर्थ होतात, कारण जेपेगमध्ये जादा शाईला बसण्यास जागाच नाही. अशी चित्रे पीएसडी किंवा पीडीएफ स्वरूपात, आणि जुन्या पद्धतीच्या कामात डीसीएस २.० या ईपीएसच्या प्रकारात ठेवावी लागतात.

एक चित्र, दोन शाया

एकच चित्र काळ्या आणि लाल अशा दोन शायांत छापून त्याला खोली आणण्याच्या तंत्रास ड्युओटोन म्हणतात. फोटोशॉपमध्ये ते ग्रेस्केल चित्रापासूनच करता येते, त्यामुळे रंगीत चित्र उघडून मेनूत ड्युओटोनचा पर्याय निस्तेज का, अशी तक्रार करणाऱ्याने आधी चित्र ग्रेस्केल करावे. ड्युओटोनमध्ये चित्र एकच असते, आणि प्रत्येक शाईने ते किती गडद वाचावयाचे हे सांगणारी एकेक वक्ररेषा जोडलेली असते. दोन्ही रेषा सरळ ठेवल्या, तर मधल्या छटांवर दोन्ही शाया सारख्याच पडून चित्र जड व काजळलेले होते. काळ्याची रेषा खाली ओढून त्याला गडद सावल्यांपुरते राखले आणि मधल्या छटा लालकडे दिल्या, म्हणजे चेहऱ्यावर तजेला येतो. प्रत्येक प्लेटवर काय जाणार हे पाहण्याची एक साधी रीत आहे: चित्र क्षणभर मल्टिचॅनल स्वरूपात फिरवावे, दोन्ही चॅनल वेगवेगळे पाहावेत, आणि फेरबदल मागे घ्यावा. शाईची नावे पानातील नावांशी अक्षरशः जुळली पाहिजेत, हा नियम येथेही लागू आहेच.

प्लेटा बरोबर दोनच निघाल्या, नावे जुळली, आणि तरीही छापलेल्या चित्रात नक्षीदार जाळे दिसू लागले, तर दोष ठिपक्यांच्या ओळींच्या कोनात शोधावा. दोन जाळ्या एकमेकींवर अगदी थोड्या अंशांनी तिरप्या पडल्या, की त्यांतून तिसरीच लाटांची आकृती जन्मास येते. तिला मॉयरे म्हणतात. म्हणून फोरकलरमध्ये काळ्याला ४५ अंश, सायनला १५, मॅजेंटाला ७५ आणि डोळ्यांना सर्वांत कमी जाणवणाऱ्या यलोला शून्य अंश, असे कोन वाटून दिलेले असतात. स्पॉट शाईला असा वारसाहक्काचा कोन नाही. कोणी काही सांगितले नाही तर तिला बहुधा काळ्याचाच ४५ अंशांचा कोन मिळतो, आणि मग दोन्ही शायांचे ठिपके एका कागदावर एकमेकांवर तर पुढच्या कागदावर एकमेकांशेजारी पडून छटा बदलत राहते. लाल शाईस ७५ किंवा १५ अंश द्यावेत. हल्ली प्लेटा काढणाऱ्याच्या यंत्रावर हे कोन ठरतात, तेव्हा ही सूचना कामाच्या चिठ्ठीवर लेखी द्यावी. तोंडी सूचना लग्नसराईत टिकत नाही.

सावलीचाही थोडा उपद्रव असतो. अक्षरांमागे मऊ सावली घातली, की तिचा रंग आपण न सांगता काळा असतो आणि दोन रंगांच्या कामात तिसरी प्लेट उगवते. तिला लाल शाई नेमून दिली तरी पारदर्शकतेचे सर्व प्रकार स्पॉट शाईला मानवत नाहीत. ‘ल्युमिनॉसिटी’, ‘ह्यू’, ‘डिफरन्स’ यांसारख्या मिश्रणपद्धती टाळून ‘मल्टिप्लाय’वर भागवावे. पीडीएफमध्ये सावलीभोवती पांढरा चौकोन दिसला तर लगेच धसका घेऊ नये. पाहण्याच्या प्रोग्रामात ओव्हरप्रिंटचा, म्हणजे एका शाईवर दुसरी चढण्याचा, देखावा बंद असेल तर तो दिसतो, आणि देखावा सुरू करताच नाहीसा होतो.

चौकट: फाइल धाडण्यापूर्वी
पडद्यावरच्या रंगावर आणि एकत्रित रंगीत प्रुफावर विसंबू नये. इनडिझाइनमधील सेपरेशन्स प्रिव्ह्यू किंवा अ‍ॅक्रोबॅट प्रोमधील आउटपुट प्रिव्ह्यू उघडून प्रथम शाया मोजाव्यात, मग एकेक शाई मिटवून पानावर काय उरते ते पाहावे. पोस्टस्क्रिप्ट समजणारा लेझर प्रिंटर जवळ असल्यास साध्या कागदावर प्रत्येक शाईचा वेगळा ताव काढावा. तो काळाच निघेल, आणि तसाच निघावयास हवा. तावाच्या कडेचे शाईचे नाव कामाच्या चिठ्ठीशी ताडून पाहावे.

दोष कोठे आहे

शाया जास्त भरत असतील, तर पानातले एकेक चित्र दूर करीत जावे आणि प्रत्येक वेळी शायांची यादी पाहावी. ज्या चित्राबरोबर चार प्लेटा नाहीशा होतात ते चित्र रंगीत राहिलेले आहे, ज्याच्याबरोबर एकच लाल नाहीशी होते त्याच्या पोटात जुने नाव आहे. सर्व चित्रे काढूनही काळी किंवा चारही प्लेटा उरल्या, तर दोष मजकुरात आहे: एखादी ओळ रजिस्ट्रेशनमध्ये, एखादी सावली काळ्यात, किंवा दुसऱ्या प्रोग्रामातून आलेले अक्षर प्रकाशाच्या तीन आकड्यांच्या काळ्यात रंगविलेले. स्पॉट शाया कमी भरत असतील, तर मात्र चित्रांकडे जाण्यापूर्वी इंक मॅनेजरमधील ती एक खूण पाहावी. अर्धा पाऊण तास पडद्याशी झटापट करून शेवटी तीच खूण सापडणे, हा या धंद्यातला नित्याचा अनुभव आहे.

प्लेटा दोनच निघाल्या म्हणून पत्रिका साधली असे मात्र होत नाही, कारण सोनेरी शाईचा स्वभाव वेगळा आहे. तिच्यात तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची बारीक भुकटी असते, आणि तिची चमक त्या कणांच्या चपट्या थराने प्रकाश परतविण्यावर अवलंबून असते. सलग भरलेल्या जागेत हा थर चांगला जमतो. लहान लहान ठिपक्यांत तो जमत नाही, आणि वीस-तीस टक्क्यांच्या छटेत सोन्याऐवजी मळकट खाकी रंग कागदावर येतो. सेपरेशन निर्दोष असूनही सोन्यात छापलेले गणपतीचे छायाचित्र निराशा करते ते यामुळे. शक्य असेल तेथे सोनेरीला सलग आकृती, किनार, मुकुटाच्या रेघा आणि जाड अक्षरे एवढेच द्यावे, त्यासाठी चित्र बिटमॅपमध्ये रेखाचित्र करून घ्यावे, आणि गालांवरची, सोंडेवरची मऊ छटा लाल शाईच्या ठिपक्यांवर सोपवावी.